दुरुस्तीला गेलेल्या खिडक्या परत आल्याच नाहीत

नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या वाट्याला सात खिडक्या. सागवानी चौकटी, उभे लोखंडी गज, झडपांना खाली लाकूड आणि वर काच. १९६१ साली पानशेत धरण फुटलं तेव्हा या खिडक्या पाण्यात होत्या आणि चिखल धुतल्यावर पुन्हा नीट लागल्या, हे आई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. पुराने नेल्या नाहीत त्या खिडक्या मी एका सहीने घालवल्या. जुन्या घरात राहणाऱ्यांनी तरी सावध व्हावं म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये एक कंत्राटदार आला. ओळखीतला, म्हणजे शेजारच्या सोसायटीत काम केलेला, एवढीच ओळख. आईला वाकून नमस्कार, मला 'ताई'. दर्शनी खिडकीपाशी गेला, पेचकस काढला आणि झडपेच्या खालच्या पट्टीत खुपसला. निम्मा आत गेला. "ताई, वाळवी. सगळ्याच पोकळ असणार." माझ्या पोटात गोळा आला. तोच पेचकस त्याने चौकटीत घातला नाही, वरच्या पट्टीत घातला नाही, बाकीच्या खिडक्यांना तर लावलाही नाही. हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण.

"जागेवर होत नाही, कारखान्यात न्यावं लागेल," म्हणाला. सहा खिडक्यांचे ९० हजार, त्यातले ४० आगाऊ. सातवी स्वयंपाकघरातली, तिच्यापुढचं फडताळ हलवायचा कंटाळा केला म्हणून ती राहिली. कोटेशनच्या तळाला एक ओळ होती, 'जुना माल कंत्राटदार घेऊन जाईल'. मला वाटलं, कुजके तुकडे आणि गंजके खिळे नेईल. सही केली.

महिनाभर खिडक्यांना प्लास्टिक. मग गडद पॉलिश केलेल्या चकचकीत झडपा आल्या. उरलेले पैसे मी त्याच दिवशी दिले. आईने कडी दोनदा लावून पाहिली. "ही आपली नाही गं. आपल्या कडीचा आवाज वेगळा." मी तिलाच गप्प केलं. पैशांपेक्षा ते जास्त लागून राहिलंय.

जूनमध्ये दुसऱ्याच पावसात दोन झडपांना पीळ पडला आणि पुसताना फडक्याला तपकिरी रंग लागला. खालच्या कडेला नखाने खरवडलं तर आत पांढरट, मऊ लाकूड. सांध्यांत स्टार डोक्याचे स्क्रू. आमच्या जुन्या झडपांचे सांधे लाकडी खुंट्यांवर होते, त्यांत लोखंड नव्हतंच. फोनवर पहिल्यांदा "पावसाळ्यात सगळीच लाकडं फुगतात ताई", मग फोन उचलणंच बंद. चौकीत हवालदारांनी कोटेशन वाचलं आणि त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हे तुम्हीच लिहून दिलंय की." अर्ज देऊन आले.

रविवारी जुन्या बाजारात गेले. जुन्या सागवानी झडपा हॉटेलवाले आणि फार्महाउसवाले शोधत येतात म्हणे. तिथले भाव ऐकल्यावर कळलं, खरं तर त्यानेच मला पैसे द्यायला हवे होते.

मग एक म्हातारे सुतारमामा मिळाले. फडताळ सरकवून सातवी खिडकी दाखवली. त्यांनीही पेचकसच काढला, पण दर वितीवर टोचत वर गेले. फक्त खालची पट्टी मऊ लागली. "वाळवी कुठली? मातीच्या नळ्या दिसतात का कुठं? पाणी साचून कुजलंय. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही." तेवढी पट्टी काढून त्यांनी जुन्याच सागाची बसवली, सांध्यात पुन्हा लाकडी खुंटी ठोकली. काम आमच्याच चौकात, माझ्या डोळ्यांसमोर. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू का विचारलं तर अंगावरच आले, त्याने लाकूड काळं पडतं आणि सांधे सुटतात म्हणून. रंग पत्र्याने खरवडला, वर जवसाचं तेल चोळलं. दोन दिवस लागले.

तुमच्याकडे असा कोणी आला तर झडप घराबाहेर जाऊ देऊ नका. जावंच लागलं तर आधी प्रत्येक झडपेचे सांध्यांसकट फोटो काढा, चौकटीत झाकल्या जाणाऱ्या कडेवर खूण कोरा आणि 'तीच झडप परत' हे कागदावर लिहून घ्या.

सातवी खिडकी सध्या पावसाने फुगून अडकतेय. थोडा रंधा मारा म्हटलं तर मामा म्हणाले, "दसरा होऊ द्या. आत्ता तासली तर उन्हाळ्यात फट पडेल." तोवर रोज सकाळी खांदा लावून उघडते.