दहा अँपिअरचा चार्जर, आत तीनचाच माल

सोयाबीन विकून पैसे हातात आले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत माल विकणाऱ्या गाड्या वाढतात. ताडपत्र्या, कटर, फवारणीचे पंप, आणि हल्ली बॅटरी चार्जर. छोटा हत्तीच्या फाळक्यावर मांडलेले लाल लोखंडी डबे, वर काट्याचा मीटर, समोर दोन चिमटे. त्यातला एक मी सोळाशे रुपयांना घेतला. तो खोटा निघाला आणि जाता जाता गाडीची बॅटरीही घेऊन गेला. तो आतून कसा खोटा होता ते उघडून पाहिलं, म्हणून हे लिहितोय.

घरी चार्जर कशाला हवा, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आमची अल्टो जुनी. वावरात जायला मोटरसायकल आहे, त्यामुळे गाडी निघते ती दवाखाना, लग्न नाहीतर यवतमाळला काही काम असलं तरच. उभ्या गाडीतही घड्याळ, रिमोट लॉक असं काहीबाही बॅटरी खातच असतं. त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा बॅटरीला आतून म्हातारी करून टाकतो, आणि ते कळतं थंडीत, पहाटे सेल्फ मारल्यावर. मग पोरांना उठवा, धक्का मारा. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

"काकाजी, दहा अँपिअर हाये. कारले चालते, ट्रॅक्टरले चालते, फवारणीच्या पंपालेबी चालते. आन् ऑटो कट! लावा आन् झोपून जा," तो म्हणाला. त्याने शेजारच्या दुकानातून लाइन घेतली होती. गाडीतल्याच एका बॅटरीला चिमटे लावले, काटा सरळ साडेआठवर गेला. तो गिऱ्हाइकांशी बोलत राहिला. वीसेक मिनिटांनी डब्यातून 'टक्' असा आवाज आला आणि काटा शून्यावर. "पाह्यलं? फुल झाली, आपोआप बंद." भोवतीच्या लोकांनी माना डोलावल्या. डबा उचलून पाहिला तर चांगला जड होता, म्हणजे आत मोठा ट्रान्सफॉर्मर असणार. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटीचं बिल घ्यान तं अठरा टक्के वाढतीन." शेवटी पेनाने लिहिलेली एक चिठ्ठी दिली, वर एक मोबाईल नंबर.

घरी लावल्यावर काटा तसाच साडेआठवर. हिशेबाने ३५ अँपिअर-अवर क्षमतेची उतरलेली बॅटरी या वेगाने चार-पाच तासांत भरायला हवी. इथे तो डबा वीस मिनिटांनी 'टक्' करून बंद व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा चालू, पुन्हा बंद, आणि संध्याकाळी सेल्फ मारला तर इंजिन रडतरडत फिरायचं. नंबरावर फोन केला तेव्हा तो म्हणाला, बॅटरी जुनी आहे, दोन-तीन दिवस लावूनच ठेवा, ऑटो कट आहे, काही होत नाही. त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

लग्नाला अमरावतीला गेलो, तिकडे मुक्काम वाढला, आणि चार्जर त्याच्या सांगण्याप्रमाणे लावलेलाच होता. परत आलो तर छपरीत सडक्या अंड्याचा वास. बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगलेल्या, बुचांभोवती अॅसिडचे ओघळ, आतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. डिस्टिल्ड वॉटर भरून, दुसऱ्याच्या चार्जरने चार्ज करून, एक रात्र तशीच ठेवून मोजलं तर १०.५ व्होल्ट. चांगल्या भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास मिळतात. सहा सेल, प्रत्येकाचे २.१. म्हणजे एक सेल पुरता गेला होता. नवीन बॅटरी चार हजारांच्या घरात गेली.

मी डबा उचलून तालुक्याला आमच्या ओळखीच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे नेला. दिवसभर पाण्याच्या मोटरी भरणारा माणूस, त्याला ट्रान्सफॉर्मरबद्दल काही सांगायची गरज नाही. झाकण उघडून तो आधी हसलाच. वजन कशाचं होतं, तर तळाला चिकटवलेल्या फरशीच्या तुकड्याचं. ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा. वाइंडिंगची तार वरून तांब्यासारखी लाल. ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. अॅल्युमिनियम. त्यावर तांब्याच्या रंगाचं वार्निश. अॅल्युमिनियमची वाइंडिंग म्हणजे फसवणूकच असं नाही, नीट जाड तार घातली तर तीही चालते. पण हा गडी तांबं म्हणून विकत होता.

मग मीटरचा काटा. त्याने मल्टिमीटर, म्हणजे करंट-व्होल्टेज मोजायचं यंत्र, चिमटा आणि बॅटरीच्या मधे जोडला: २.९ अँपिअर. डब्यावरचा काटा तेव्हाही साडेआठवरच. त्याने मीटरची काच काढली तर आकड्यांची पट्टी हातात आली. खाली मूळ पट्टी, ० ते ५ ची. तिच्यावर ० ते १५ चा कागद चिकटवलेला. काटा बिचारा खरंच सांगत होता, आकडे खोटे होते.

सगळ्यात जोरदार निघाला तो ऑटो कट. वाइंडिंगवाल्याने चिमट्यांना बॅटरीऐवजी गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब जोडला आणि चहा मागवला. चहा संपून गप्पा रंगल्यावर 'टक्'. बल्ब विझला. "आता सांगा, बल्ब फुल झाला का?" ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला एक थर्मल स्विच चिकटवलेला होता. तार तापली की तो सुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. बॅटरी किती भरली याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बाजारात दिसलं ते बॅटरी भरणं नव्हतंच, ते ट्रान्सफॉर्मर तापणं होतं.

म्हणूनच दिवसा बॅटरी भरत नव्हती आणि रात्री उकळत होती. आमच्याकडे हरभऱ्या-गव्हाचं ओलीत सुरू झालं की पंप चालू असताना घरातला व्होल्टेज १८० पर्यंत पडतो, आणि पंप बंद झाले की २५० च्या वर जातो. साध्या ट्रान्सफॉर्मरचा चार्जर पुढून जेवढं येतं त्याच प्रमाणात मागून देतो, मधे आवरणारं काही नसतं. थंडीच्या रात्री डबाही फारसा तापत नाही, म्हणजे तो थर्मल स्विचही सुटत नाही. वाइंडिंगवाल्याने भरलेल्या बॅटरीवर लावून दाखवलं, चिमट्यांवर १६ व्होल्टच्या वर गेलं. कारच्या साध्या बॅटरीला १४.४ च्या आसपास थांबायला हवं. त्यापुढे पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला लागतो, आणि हायड्रोजन एका ठिणगीने पेटतो. छपरीत कोणी बिडी पेटवली नाही हे आमचं नशीब. उन्हाळ्यात तर ४५ अंशांत ही मर्यादा आणखी खाली येते, १४ च्या आसपास.

कोणी असा डबा आणलाच असेल तर बॅटरीला लावून सोडून देण्याआधी एवढं करा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त चार्जर चालू ठेवा, तोही अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर, आणि वीज मीटरवरचा लाल दिवा बघा. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुकी असं लिहिलंय; तुमच्यावर आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात धरा. खऱ्या दहा अँपिअरच्या चार्जरला लाइनमधून पावणेदोनशे-दोनशे वॅट तरी ओढावे लागतात, म्हणजे मिनिटाला नऊ-दहा लुकलुकी. माझ्या डब्याला तीन पडत होत्या. याला ना मिस्त्री लागतो ना पैसा. त्यानंतर मल्टिमीटर, जो तीन-चारशेत मिळतो, चिमट्यांवर लावून बॅटरी भरत आली की व्होल्टेज बघत राहा. १४.४ च्या पुढे सरकलं तर प्लग काढा, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

खरं तर दहा अँपिअर लागतच नाहीत. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाइतका करंट पुरतो, ३५ च्या बॅटरीला साडेतीन-चार. विकणारा मोठा आकडा सांगतो कारण गिऱ्हाईक मोठ्याच आकड्याला हो म्हणतं. आणि 'पंपालेबी चालते' हे तर निव्वळ खोटं. फवारणी पंपातली बॅटरी ८ ते १२ अँपिअर-अवरची, तिला खरोखर दहा अँपिअर दिले तर एका हंगामात संपेल. पंपासोबत आलेला छोटा चार्जर तिच्यासाठीच असतो, तोच वापरा.

आता मी पाच अँपिअरचा इलेक्ट्रॉनिक चार्जर वापरतो, दुकानातून घेतलेला. तो १५० पासून २७० व्होल्टपर्यंत चालतो, आपल्या लाइनला हे आधी बघायला हवं. बॅटरी भरली की करंट कमी करत जाऊन साडेतेरा-पावणेचौदावर धरून ठेवतो. चिमटे उलटे लागले तर चालूच होत नाही. प्लग तीन पिनांचा आहे. वजनाला हलका आहे, आणि याचं वाईट वाटून घेऊ नका, या जातीचे हलकेच असतात. चिमटे आधी लावायचे, बटण नंतर, काढताना उलट. छपरी उघडी ठेवायची.

त्या बाजारातल्या डब्याच्या खोक्यावर आयएसआयची खूण होती, पण वर मानकाचा क्रमांक नाही आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक नाही. खऱ्या खुणेत हे दोन्ही असतात, आणि परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की कोणाचा, कशासाठीचा ते दिसतं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा फोन हेही कायद्याने खोक्यावर हवं. इथे काहीच नव्हतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तक्रार कोणाविरुद्ध, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, आणि माझ्याकडे चिठ्ठी आणि बंद नंबर एवढंच. पक्कं बिल असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. त्या अठरा टक्क्यांची किंमत सोळाशेवर २८८ रुपये होते. चिठ्ठी देण्यामागचा त्याचा हिशेब आता कळतो.

डब्यांचा रंग तो बदलेलही. पण मागच्या पत्र्याला स्क्रू नसून रिपिट (रिव्हेट) मारलेले असतील तर लक्ष द्या, माझा डबा उघडायला वाइंडिंगवाल्याला ते ड्रिलने काढावे लागले. आणि फाळक्यावर ऑटो कट दाखवू लागला, तर त्याला म्हणा बॅटरी काढ आणि हेडलाइटचा बल्ब लाव.