टेक्सासमधला पिस्तूल क्लास, पैसे वसूल
घरात पिस्तूल घ्यायचं की नाही ते ठरत नव्हतं म्हणून आधी रेंजवर एक दिवसाचा क्लास केला, बरं झालं. ग्लॉक पिस्तुलाला बाहेरून सेफ्टीचा खटका नसतोच, ट्रिगरमध्येच बारीक पट्टी असते, अडीचेक किलो दाब पडला की गोळी सुटली. दुसरं पिस्तूल बेरेटा ९२ डबल अ‍ॅक्शन, म्हणजे पहिल्या बाराला ट्रिगरच घोडाही मागे ओढतो, म्हणून तो जड आणि लांब ओढावा लागतो, पुढचे बार एकदम हलके, माझी दुसरी गोळी तर मला कळायच्या आधीच गेली राव! न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉकला १२ पाउंडांचे (साडेपाचेक किलो दाबाचे) ट्रिगर का लावले ते तेव्हा कळलं. सरांनी एकच घोकून घेतलं, समोरचा कितीही ओरडू दे, बोट ट्रिगरवर नाही, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, सरळ, कारण दचकलं की मूठ आपोआप आवळते. कॉफी मात्र पांचट.