ओट्स की कळण्याची भाकरी? कोलेस्टेरॉल वाढलंय, तर सकाळी काय खावं

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं दिसलं की जळगाव-धुळ्याकडे हल्ली दोन सल्ले मिळतात. शहरात नोकरी करणारी मुलं ओट्सची पाकिटं पाठवतात, घरातली मोठी माणसं कळण्याच्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीवर या म्हणतात. मी दोन्ही नेटाने खाल्लं आहे.

पुराव्याच्या बाजूने बघितलं तर ओट्स पुढे आहेत, हे आधीच मान्य करतो. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू आतड्यात बुळबुळीत होतो आणि पित्ताम्लं सोबत घेऊन बाहेर पडतो. ती पुन्हा तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स. ज्वारीचा तंतू मुख्यतः न विरघळणारा, त्यामुळे नुसत्या ज्वारीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. कळण्यात ती उणीव काही अंशी भरून काढतात ते सालासकट दळलेले काळे उडीद. रोजच्या जेवणात कडधान्यं-डाळी वाढल्या की एलडीएल थोडं उतरतं, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे.

मग मी भाकरीकडे का वळलो? अकरा वाजताच्या भुकेमुळे. सकाळी आठला वाटीभर ओट्स खाऊन घराबाहेर पडलं की अकराला पोटात अक्षरशः खड्डा पडायचा. त्या वेळी कामाच्या ठिकाणी हाताशी असायची ती कचोरी, नाहीतर शेव-मुरमुरे. हे तळण बहुधा पामतेलातलं, आणि पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी. शेंगदाणा तेलात ती पाचवा हिस्सा असते. म्हणजे सकाळी जे कमावलं ते अकराला गेलं. ओट्सचं प्रमाण वाढवून पाहिलं, वर दाणे-केळं घालून पाहिलं, फरक पडला तो जेमतेमच. कळण्याची एक भाकरी आणि वाटीभर मुगाची उसळ खाल्ली की मला दीड वाजेपर्यंत कशाची आठवण होत नाही. प्रत्येकाचं पोट वेगळं, तुम्हाला ओट्स पुरतही असतील.

पुढच्या तपासणीत माझं एलडीएल खाली आलं. श्रेय एकट्या भाकरीला देता येणार नाही, कारण कचोरी सुटली होती आणि मेहरूण तलावावर फिरणंही सुरू होतं. पण कचोरी सुटली ती भाकरीमुळेच, असं मी मानतो.

भाकरीचं खरं नुकसान तिच्या सोबत्यांकडून होतं. वर तुपाचा गोळा, बाजूला तर्रीवाली शेवभाजी असेल तर कळणं काय करणार? भरीत चालेल. वांगी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजून, ठेचून, पात भरपूर आणि तेल हात राखून घातलं तर चव कुठेच जात नाही. दुसरी गोष्ट मिठाची. आपल्याकडे कळण्यात दळतानाच मीठ टाकतात. बीपी असेल तर गिरणीत न्यायच्या धान्यात ते घालूच नका. आणि पीठ चाळू नका, उडदाची सालं चाळणीत राहिली तर उपयोग काय? मसाला ओट्सच्या पाकिटांतही मीठ बरंच असतं, साधे ओट्स आणलेले बरे.

पुण्या-मुंबईत खोली घेऊन एकटं राहणाऱ्याने मात्र खुशाल ओट्स घ्यावेत. सकाळच्या घाईत भाकरी थापणं त्याच्याच्याने व्हायचं नाही. एलडीएल १९० किंवा वर असेल तर दोन्हींच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. चालू गोळी मनाने बंद करू नये.

घरात भाकरी थापणारं कुणी असेल, किंवा तुम्हालाच येत असेल, तर मी कळणं सुचवेन. आमच्याकडे चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद घेतात. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणा, पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी तव्यावर टाकण्याआधीच चिरते. तसं झालंच तर गरम पाण्यात मळून घ्या.