यूएईत लहान मुलांना आधी कुठे न्यायचं? अबुधाबीची मशीद, जुमेरा, अल फहिदी की शारजा

दुबईत नवीन आलेल्या मैत्रिणी हमखास विचारतात की मुलांना इथली अरब संस्कृती, रमजान, मशीद वगैरे दाखवायचंय, सुरुवात कुठून करू, आणि बहुतेकींनी तोवर अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीचं बुकिंग करूनही टाकलेलं असतं. आम्हीही तेच केलं होतं, मुलं तेव्हा 4 आणि 7 वर्षांची होती, म्हणून सांगते, जरा थांबा.

मशीद अप्रतिम आहे. 2007 मध्ये खुली झाली, 82 घुमट, आत हाताने विणलेला जवळपास 5,600 चौरस मीटरचा इराणी गालिचा, प्रवेश फुकट, फक्त ऑनलाइन स्लॉट घ्यायचा. पण चार वर्षांच्या पोराला घुमट 82 काय नि आठ काय! दुबईहून दीड तास गाडीत, मग सिक्युरिटी, मग भरपूर चालणं, आणि आपलं सारखं चालू, पळू नको, हात लावू नको. धाकटा माझ्या कडेवरच झोपला. आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर जरूर न्या, संध्याकाळी दिवे लागताना.

दुबईतली जुमेरा मशीद त्यामानाने छोटी, 1979 ची, पण इथे कुणीतरी तुमच्याशी बोलतं, हा मोठाच फरक आहे. आधी गहवा (अरबी कॉफी) आणि खजूर, मग गाईड बाई वुझू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, कसं करतात ते दाखवतात. देवापुढे बसण्याआधी हातपाय धुवायचे हे आपल्या मुलांना माहीतच असतं, त्यामुळे ते लगेच कळलं. आत गेल्यावर लेकीने मोठ्यांदा विचारलं, इथे देवाची मूर्ती कुठे आहे? मी जरा अवघडले, पण त्या बाई शांतपणे म्हणाल्या की आमच्यात मूर्ती किंवा चित्र नसतं, सगळे मक्केतल्या काबाकडे तोंड करून नमाज पढतात, आणि भिंतीतला मिहराब, म्हणजे काबाची दिशा दाखवणारा कोनाडा, दाखवला. हे मला घरी बसून इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. टूर इंग्रजीत असते, सहाच्या खालची मुलं मात्र कंटाळतात.

त्यांच्यासाठी माझं मत अल फहिदीला, म्हणजे दुबईच्या जुन्या वस्तीला. जुमेराची टूर घेणारं दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्रच (1998 पासूनचं) इथल्या जुन्या वाड्यात नाश्ता-जेवण ठेवतं, जमिनीवर बसून, आणि एमिराती (मूळचे इथलेच) यजमान म्हणतात काहीही विचारा. बलालीत म्हणजे गोड शेवया आणि वर ऑम्लेट, ऐकायला विचित्र वाटतं पण पोरांनी ताटली पुसून खाल्ली. लुगैमात तर आपल्या गुलगुल्यांच्या सख्ख्या बहिणी. गहवा नको असेल तर फिंजान (छोटा कप) हलवून परत द्यायचा, हे धाकट्याला इतकं आवडलं की घरी ताकाचा पेलाही तसाच हलवतो. वेगळे पैसे पडतात, बुकिंग लागतं. येताना अब्राने, म्हणजे छोट्या लाकडी होडीने, खाडी ओलांडा, मुलांचा दिवस तिथेच पूर्ण होतो.

शारजाचं इस्लामिक संस्कृतीचं म्युझियम हे वाचता येणाऱ्या मुलांसाठी. जुन्या बाजाराच्या इमारतीत आहे, ॲस्ट्रोलेब (ताऱ्यांवरून मोजमाप करायचं जुनं यंत्र) वगैरे बघून किब्ला, म्हणजे काबाची दिशा, आणि नमाजाच्या वेळा कशा काढायच्या ते समजतं. पाच वर्षांच्या मुलासाठी तिथे फारसं काही नाही.

आणि या सगळ्यांपेक्षा वरचढ, तेही बिनपैशाचं, म्हणजे हग अल लैला. रमजानच्या आधी शाबान महिन्याच्या मध्यावर एमिराती मुलं पिशव्या गळ्यात अडकवून गाणी म्हणत दारोदार जातात आणि लोक खाऊ, सुकामेवा देतात. लेक म्हणाली, संक्रांतीला आपण तिळगूळ मागत फिरतो तसंच की! तुमच्या बिल्डिंगमध्ये मुलं आली तर खाऊ तयार ठेवा, फक्त जिलेटिनच्या गोळ्या हलाल आहेत का ते पाकिटावर बघून घ्या. रमजानमध्ये एक दिवस रोजा सोडायची वेळ सांगणारी सूर्यास्ताची तोफ बघायला न्या, दुबई पोलीस उडवतात. संकष्टीला चंद्राची वाट बघत बसलेली आजी ज्यांनी पाहिलीय त्या मुलांना रोजा सोडणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. शेजाऱ्यांनी इफ्तारला बोलावलं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून जा, नेताना खजूर किंवा फळं न्या.

एकच जमणार असेल तर: सहाच्या आतलं मूल, अल फहिदी. सहा ते आठ, जुमेरा. अबुधाबी आणि शारजा त्यानंतर. रमजानमध्ये सगळीकडच्या वेळा बदलतात, निघायच्या आधी साइटवर बघून घ्या.