बाळाचा किडनी स्कॅन: डीटीपीए करावा की ईसी?

बाळाच्या सोनोग्राफीत एक किडनी फुगलेली दिसते, डॉक्टर 'रिनल स्कॅन' लिहून देतात. चिठ्ठीवर कधी डीटीपीए असतं, कधी ईसी, आणि त्यातला फरक घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. ही दोन्ही शिरेतून टोचायच्या, थोड्या किरणोत्सारी औषधांची (ट्रेसरची) नावं आहेत; किडनी ते कसं बाहेर टाकते, हे कॅमेऱ्यात दिसतं. किरणोत्सारी भाग दोन्हींत एकच, टेक्नेशियम-९९एम, अर्धायुष्य ६ तास. वेगळा असतो तो त्याला जोडलेला रेणू.

डीटीपीए किडनीत फक्त गाळलं जातं. रक्ताच्या एका फेरीत त्यातलं साधारण २० टक्केच बाहेर पडतं. गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, हवा असेल तर हाच गुण कामाचा. किडनीदात्यासाठी मी डीटीपीएच म्हणेन. तान्ह्या बाळाची किडनी मात्र अजून पुरती तयार नसते. मग ट्रेसर किडनीत येण्या-जाण्याचा आलेख सपाट येतो आणि लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊनही लघवी खरंच अडते आहे का, हे ठरवणं कठीण होतं.

ईसी आणि मॅग-थ्री हे रेणू मुख्यतः किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी रक्तातून ओढून लघवीत टाकतात, त्यामुळे किडनी कमकुवत असली तरी चित्र उठून दिसतं. पूर्वी हे काम आयोडीन-१३१ जोडलेलं हिप्पुरान करायचं. त्याचं अर्धायुष्य ८ दिवस, वर बीटा किरण. डोस कमी ठेवावा लागे आणि चित्र धूसर येई. १९८० च्या दशकात मॅग-थ्री आलं आणि ही अडचण सुटली, पण त्याचं किट तयार करताना उकळत्या पाण्यात ठेवावं लागतं.

ईसीचा जन्म मला विलक्षण वाटतो. ईसीडी हा मेंदूच्या स्कॅनचा ट्रेसर. शरीरात त्याचं विघटन होऊन उरणारा एक रेणू किडनी झपाट्याने बाहेर टाकते. बेल्जियममधल्या लूवेनच्या व्हरब्रुगेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तोच रेणू, म्हणजे ईसी, किडनीसाठी पुढे आणला. याला उकळणं नाही. अल्कधर्मी द्रावणात, खोलीच्या तापमानालाच टेक्नेशियम त्याला जोडलं जातं. मग बफर घालून पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणा, खाली आणतात. आपल्याकडे नवी मुंबईतली ब्रिट ही सरकारी संस्था ईसीचं किट पुरवते.

तेव्हा बाळ लहान असेल किंवा रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं (म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं) असेल, तर ईसी होईल का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. मॅग-थ्री मिळालं तरी चालेल. वारंवार युरिन इन्फेक्शन होऊन किडनीवर व्रण पडलेत का, हे पाहायचं असेल तर डीएमएसए लागतं; तो स्कॅनच निराळा.

फेरतपासणी शक्यतो त्याच ट्रेसरने, त्याच सेंटरला करा आणि जुना आलेख सोबत न्या.