घरात फोन असताना टॅब्लेट घ्यावा का?

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले की नागपुरातील बऱ्याच घरांत हा प्रश्न निघतो: मुलाजवळ फोन आहेच, मग टॅब्लेटसाठी वेगळे पैसे घालावेत का? मी नंदनवन भागात नववी ते बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली चार वर्षे दोन्ही उपकरणे रोज वापरतो, त्यामुळे पालक हा प्रश्न माझ्याकडे आणतात. दोहोंपैकी चांगले कोणते, हे सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. रोज ए-४ आकाराची पाने उघडावी लागतात का, आणि त्यांवर हाताने लिहावे लागते का, एवढे दोनच प्रश्न मी विचारतो. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर टॅब्लेट घ्यावा. नसेल तर घरातला फोन पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

या मतामागे साधे गणित आहे. ए-४ पानाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. साडेसहा इंची फोन उभा धरला तर त्याच्या पडद्याची रुंदी जेमतेम पावणेसात सेंटिमीटर भरते, म्हणजे पूर्ण पान मावावे म्हणून ते मूळच्या एक-तृतीयांशाहूनही लहान करावे लागते आणि छापील १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटच्या आत येते. ११ इंची टॅब्लेटचा पडदा उभ्या स्थितीत सुमारे १४.८ सेंटिमीटर रुंद असतो; तेच अक्षर तेथे साडेआठ पॉइंटचे राहते आणि डोळ्यांना ताण न देता वाचता येते. देवनागरीत हा फरक अधिकच जाणवतो, कारण ४ पॉइंटला अनुस्वार, रफार आणि जोडाक्षराचा खालचा भाग एकमेकांत मिसळतात आणि 'संवेग'चा 'सवेग' होतो. दोन बोटांनी ताणून पान मोठे करता येते हे खरे. पण मग आकृती पडद्याच्या वर जाते, प्रश्न खाली राहतो आणि विद्यार्थ्याचा निम्मा वेळ पान सरकवण्यात जातो.

एक उदाहरण माझ्याच चुकीचे आहे. मुले सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचे फोटो काढून, त्यांची पीडीएफ करून पाठवतात. एका मुलीने काचेच्या चिपेतून होणाऱ्या अपवर्तनाची आकृती काढली होती. ती मी फोनवर पाहिली, किरण वळलेला दिसला, आणि पूर्ण गुण दिले. रात्री तेच पान टॅब्लेटवर उघडले तेव्हा लक्षात आले की हवेतून काचेत शिरताना किरण स्तंभिकेकडे, म्हणजे काचेच्या पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेकडे, झुकायला हवा होता, तो दोन-तीन अंशांनी तिच्यापासून दूर गेला होता. फोनवर ती रेघ आणि स्तंभिका जवळजवळ एकच दिसत होत्या. तेव्हापासून उत्तरपत्रिका मी फोनवर तपासत नाही.

आकाराच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. आठ इंची टॅब्लेट स्वस्त पडतो म्हणून पुष्कळजण तो घेतात, पण वरच्याच हिशेबाने त्यावर १२ पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटवर येते, म्हणजे फोनपेक्षा बरे आणि वाचनासाठी अपुरे. २०११ साली मोठ्या गाजावाजाने आलेल्या 'आकाश' टॅब्लेटचा पडदा तर ७ इंचीच होता, त्याला बोटाने दाबावे लागे आणि त्याची रॅम २५६ एमबी होती. विद्यार्थ्यांसाठीचे उपकरण म्हणून त्याचे नाव झाले, पण पुस्तकाचे पान काही त्यात मावत नव्हते.

लिहिण्याचा भाग वाचनापेक्षा नाजूक आहे. बाजारात कोणत्याही पडद्यावर चालणारे रबरी टोकाचे पेन अगदी स्वस्त मिळते, मात्र त्याने रेघ जाड येते आणि तळहात पडद्याला टेकला की तेथेही खुणा उमटतात. टॅब्लेटसोबत काम करणारे, तळहाताचा स्पर्श वगळून फक्त टोक ओळखणारे पेन असेल तरच त्यावर गणित सोडवता येते. हे पेन अनेकदा वेगळे विकत घ्यावे लागते आणि प्रत्येक टॅब्लेटला ते चालतेच असे नाही. दुकानदार बहुधा आधी कीबोर्ड दाखवतो. विद्यार्थ्याने तो नाकारून पेनाची चौकशी करावी. पेन आणि कीबोर्ड दोन्ही घ्यायचे ठरवले, तर एकूण खर्च साध्या लॅपटॉपच्या जवळ जातो, आणि मग प्रश्नच वेगळा होतो.

या तुलनेत वहीला वगळणे मला योग्य वाटत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणात असे आढळले होते की माहितीपर मजकूर वाचताना, विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरते. शिवाय बारावीच्या बोर्डाची परीक्षा अजूनही पेनाने कागदावर द्यायची असते, तर जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर होतात. म्हणून मी मुलांना टॅब्लेट पुस्तकाच्या जागी वापरायला सांगतो, वहीच्या जागी नाही: मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, ई-बालभारतीची पुस्तके आणि माझ्या टिपणांवरील खुणा टॅब्लेटवर, उदाहरणे सोडवणे वहीत.

आता फोनची बाजू, जी पालक समजतात त्याहून भक्कम आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपमधून उघडायचे झाल्यास एका हाताने पुस्तक दाबून दुसऱ्या हाताने कॅमेरा धरावा लागतो. फोनने हे काम दोन सेकंदांत होते, अकरा इंची पाटी पुस्तकावर तोलताना मात्र तिची सावलीच कोडवर पडते. पैशांच्या व्यवहारात तर टॅब्लेट जवळपास बादच होतो, कारण यूपीआय अ‍ॅप सुरू करताना बँकेत नोंदलेल्या क्रमांकावरून त्याच उपकरणातून एसएमएस जावा लागतो आणि केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅब्लेटमध्ये सिमच नसते.

फिरतीच्या कामातही फोनच सरस ठरतो. २०२१ पासून राज्यात सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि त्यासोबत जागेची नोंद होते. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत हे काम टॅब्लेटने करणे गैरसोयीचे आहेच. शिवाय आयपॅडच्या वाय-फाय प्रकारासह अनेक टॅब्लेटमध्ये जीपीएस नसल्याने ते अडूही शकते. अंगणवाडी सेविकांचे 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅपही फोन गृहीत धरूनच चालते. ज्यांचे काम जागेवर जाऊन नोंद करण्याचे आहे, त्यांनी टॅब्लेटचा विचार सोडून चांगल्या बॅटरीचा फोन घ्यावा.

बसून करायच्या कामाचा निर्णय कागदपत्रे कशी आहेत यावर ठरतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाला शेकडो पानांची याचिका वाचून समासात टिपणे करायची असतील, तर टॅब्लेटइतके सोयीचे साधन नाही. मात्र जुने मराठी मसुदे कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत टंकलेले असतील, तर त्यांची वर्ड फाइल टॅब्लेटवर निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रूपात उघडते. असे मसुदे बदलायचे असतील तर संगणक लागतो, आणि टंकलेखनाच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अ‍ॅपल आयपॅडसाठी वापराचे कमाल तापमान ३५ अंश आणि नुसते ठेवण्याचे ४५ अंश सेल्सिअस सांगते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ ओलांडतो. दोन वर्षांपूर्वी बर्डीवर पुस्तके घ्यायला उतरताना मी टॅब्लेट स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. पाऊण तासाने काढला तेव्हा पडद्यावर तापमानाची सूचना होती आणि तो सुरू होत नव्हता. निवल्यावर चालू झाला, पण त्याची बॅटरी पूर्वीसारखी टिकली नाही. फोन खिशात राहतो म्हणून वाचतो. टॅब्लेट कुठे तरी ठेवावाच लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ती जागा क्वचितच थंड असते. आता मी तो दप्तरात, वह्यांच्या मध्ये ठेवतो.

खरेदीपूर्वी एक चौकशी जरूर करावी. नागपुरातच मुख्यालय असलेली 'महाज्योती' ही राज्य शासनाची संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी टॅब्लेट व इंटरनेट डेटा देत आली आहे. मूल त्या प्रवर्गात बसत असेल, तर चालू वर्षाची जाहिरात आणि अर्जाची मुदत आधी पाहावी.

विकत घ्यायचेच ठरले, तर दुकानात चालू असलेला व्हिडिओ पाहून भुलू नये. त्यात कोणताही पडदा चांगलाच दिसतो. घरून मुलाचीच एखादी प्रश्नपत्रिका पीडीएफ करून न्यावी, टॅब्लेट उभा धरून ती न ताणता वाचता येते का ते मुलालाच पाहू द्यावे, आणि तळहात टेकवून त्याच पानावर एक उदाहरण सोडवायला सांगावे. पेन दुकानात नसेल आणि 'नंतर मागवून देतो' असे उत्तर मिळाले, तर त्या दिवशी खरेदी करू नये.