ब्लॅक सॅबथचे एकोणीस अल्बम, क्रमाने : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ब्लॅक सॅबथ या इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बँडचे एकोणीस स्टुडिओ अल्बम मी गेल्या जुलैच्या अखेरीपासून या मार्चअखेरपर्यंत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हेवी मेटल हे वजनदार रॉक संगीत ऐकायला लागलेल्या माणसाचा हा अनुभव आहे. गावच्या भजन मंडळात पंचवीस वर्षे पेटी वाजवणाऱ्या माणसाच्या कानांनी तो घेतलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

इतका उशीर का झाला, याचे कारण एक कॅसेट आहे. १९९४ च्या गणपतीत मामेभावाने मुंबईहून या बँडच्या निवडक गाण्यांची कॅसेट आणली होती. मी ती दोनदा ऐकली आणि परत केली. वेगवेगळ्या अल्बममधून उचललेली गाणी एकामागून एक लावली होती. एकाचा आवाज दुसऱ्याशी जुळत नव्हता, आणि जे गाणे जरा मनात उतरू लागे त्याच्या मागोमाग भलत्याच स्वभावाचे गाणे येई. हा नुसता गोंगाट आहे असा माझा ग्रह झाला आणि तो तीस वर्षे टिकला. मग ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजले, आणि त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलैला, गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. रत्नागिरीला शिकणारी माझी पुतणी त्यानंतरच्या रविवारी घरी आली होती. तिने माझ्या फोनमध्ये सगळे अल्बम ओळीने लावून दिले आणि म्हणाली, "काका, मधलीच गाणी उचलू नका. पहिल्यापासून सुरू करा, आणि एक अल्बम जिरल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका." एवढा एक सल्ला ऐकला म्हणून पुढचे सगळे घडले.

माझी नोकरी दापोलीला आणि घर गुहागर तालुक्यात. रोज सकाळी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरायचे आणि तिथून एसटीने सुमारे तासाभराचा प्रवास करायचा. पहिले सहाही अल्बम पाऊण तासाच्या आतले असल्याने जाताना एकदा आणि येताना एकदा, असे दिवसाला दोनदा पूर्ण ऐकणे जमले. फेरीबोटीवर मात्र ऐकण्यात अर्थ नाही. तिच्या इंजिनाची घरघर खालचे सगळे स्वर गिळून टाकते, आणि या बँडचा जीव खालच्या स्वरांतच आहे. म्हणून खाडी ओलांडेपर्यंत इअरफोन पिशवीत ठेवायचे, हा नियम मी दुसऱ्याच दिवशी केला.

पहिला अल्बम, 'ब्लॅक सॅबथ', १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो साधारण एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. सुरुवातीला पाऊस पडतो, लांब कुठेतरी घंटा वाजते, आणि मग टोनी आयोमीची गिटार तीन स्वर वाजवते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एसटीच्या खिडकीवर सरी आपटत असताना आतला पाऊस कुठे संपतो आणि बाहेरचा कुठे सुरू होतो ते मला पहिल्या वेळी कळलेच नाही, पण मला खिळवून ठेवले ते त्या तीन स्वरांनी. रात्री पडवीत पेटी काढली आणि ते स्वर शोधले. पांढरी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला, षड्ज धरला, तर आधी षड्ज, मग वरचा षड्ज, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. तो तीव्र मध्यमही स्थिर नाही, थरथरता आहे. युरोपात या स्वरांतराला सैतानाचे स्वरांतर म्हणत आले. आपल्याकडे तीव्र मध्यम हा यमनचा स्वर, संध्याकाळी दिवेलागणीला सहज कानावर येणारा. मग आपल्यालाही इथे भय का वाटावे? पेटीवर पुन्हा पुन्हा वाजवल्यावर उत्तर सापडले. यमनमध्ये आपण तीव्र मध्यमाकडे गंधारावरून जातो आणि पंचमाकडे सुटतो, त्याला मागेपुढे माणसे असतात. आयोमीने त्याच्या दोन्ही बाजूंचे स्वर काढून घेतले आणि त्याला एकटे उभे केले. त्या एकटेपणाचेच भय आहे. तेच तीन स्वर संथपणे पुन्हा पुन्हा येत राहतात आणि कुठेही विसावत नाहीत. ही रचना करणारी मुले तेव्हा विशीतली होती, हे लक्षात आले की मी अजूनही थक्क होतो.

त्यातच पुढे बास गिटारचा एक एकट्याने वाजवलेला तुकडा आहे, त्यानंतर 'एन. आय. बी.' सुरू होते. गीझर बटलर बास कसा वाजवतो याकडे नव्या श्रोत्याने इथपासूनच लक्ष द्यावे. तो गिटारच्या पायाशी नुसता बसून राहत नाही, तर चांगल्या पखवाजवाल्यासारखा मधल्या मोकळ्या जागा भरतो. काही आवृत्त्यांत दोन-तीन गाणी एकाच ट्रॅकमध्ये जोडलेली दिसतात आणि ब्रिटिश व अमेरिकी आवृत्तींत एक गाणे वेगळे आहे, त्यामुळे यादी जुळली नाही तर गोंधळून जाऊ नये.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'पॅरानॉइड' आला. शीर्षकगीत अल्बममध्ये जागा भरण्यासाठी घाईने रचले गेले आणि तेच सर्वांत गाजले. माझ्या जुन्या कॅसेटवर ते पहिले होते. पण या अल्बमचे मोठेपण 'वॉर पिग्ज'मध्ये आहे. भोंग्याचा आवाज विरतो, गिटार दोन आघात करून थांबते, आणि मग ड्रमवादक बिल वॉर्ड केवळ हाय-हॅटच्या झांजांवर काळ मोजत राहतो. त्या मोकळ्या जागेत ऑझी युद्ध पुकारणाऱ्या सेनापतींवर आरोप ठेवतो. पुन्हा दोन आघात, पुन्हा मोकळी जागा. आमच्या मंडळातल्या पखवाजवाल्याला मी हा भाग ऐकवला तेव्हा तो बोटांवर मात्रा मोजत शेवटपर्यंत ऐकत बसला आणि म्हणाला, "खाली कशी सांभाळायची ते यांना कळते." खाली म्हणजे तालातली ठोक्याविना सोडलेली जागा. या बँडबद्दल इतके नेमके वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही. बँडचे वजन मोठ्या आवाजातून येते असे मी समजत होतो, पण ते दोन आघातांमधल्या या थांबण्यातून येते, आणि ते कळायला अल्बम सुरुवातीपासून ऐकावा लागतो.

तिसरा अल्बम, १९७१ चा 'मास्टर ऑफ रिअॅलिटी', माझा सर्वांत आवडता. तो समजण्यासाठी आयोमीच्या हाताची गोष्ट माहीत हवी. तो डावखुरा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली, आणि डावखुऱ्या गिटारवाल्याला तारा दाबायला तोच हात लागतो. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्ट भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी सारे वाजवत असे. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि बारीक तारा लावल्या. या अल्बममधल्या अनेक गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीनवर लागणारी जाड तार काळी एकवर आणली. सैल तारेला बोट कमी दुखते आणि आवाज जमिनीला टेकतो. आधीचे दोन अल्बम आठवडा आठवडा कानात मुरल्यावर 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' किंवा 'इन्टू द व्हॉइड' सुरू झाले, तेव्हा पायाखालची फळी खाली गेल्यासारखे शरीरालाच जाणवले. कॅसेटवर हीच गाणी वरच्या पट्टीतल्या गाण्यांच्या मधे पडली होती, त्यामुळे हा उतार मला तेव्हा ऐकूच आला नव्हता.

बँडचे नाव ऐकून घरात थोडी कुरबूर झाली, म्हणून शब्दांविषयी सांगतो. नाव एका भयपटावरून घेतलेले आहे. बहुतेक गीते बटलरने लिहिली. तो कॅथलिक घरातला, आणि त्याच्या गीतांत सैतानाची पूजा कुठेही नाही, भीती मात्र आहे. 'आफ्टर फॉरएव्हर' हे गाणे तर देवावरच्या श्रद्धेची थट्टा करणाऱ्यांनाच उलट प्रश्न विचारते, आणि 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हेरॉइनच्या व्यसनाविषयी आहे. असे लिहिणारी माणसे स्वतः मात्र लवकरच कोकेनच्या आहारी गेली. १९७२ चा 'व्हॉल्यूम ४' लॉस एंजेलिसमध्ये त्याच काळात झाला, आणि त्यातल्या एका गाण्याचा विषयच तो आहे. हे मी घरात लपवले नाही, इथेही लपवत नाही.

'सॅबथ ब्लडी सॅबथ' आणि 'सॅबोटाज' या दोन्ही अल्बमना मी मिळून पाच आठवडे दिले. पहिल्यात गिटारच्या बरोबरीने सिंथेसायझर आणि तंतुवाद्ये येतात, दुसऱ्यात जुन्या व्यवस्थापकाशी चाललेल्या कोर्टकज्ज्यांचा संताप आहे. 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' एका भिंतीसारख्या रिफने, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याने, सुरू होते आणि शेवटी अकूस्टिक गिटारवर इतके हलके होऊन जाते की पहिल्यांदा मी फोन काढून गाणे बदलले का ते पाहिले. त्यानंतरचे 'टेक्निकल एक्स्टसी' आणि 'नेव्हर से डाय!' थकलेले आहेत. ते एकदा ऐकावेत आणि पुढे जावे.

१९८० च्या 'हेवन अँड हेल'मध्ये ऑझीच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला. हा बदल माझ्या दृष्टीने या संपूर्ण श्रवणातला दुसरा मोठा लाभ. ऑझी पुष्कळदा गिटारच्याच चालीवर गातो, 'आयर्न मॅन'मध्ये तर स्वरास स्वर. गायक आणि पेटी हातात हात घालून चालावेत तसे ते आहे, आणि त्याची स्वतःची एक उदास गोडी आहे. डिओ तसे करत नाही. शीर्षकगीतात गिटार बाजूला होते, बास एकच ठोका धरून बसतो, आणि डिओ त्यावर खरा बुवा होऊन वर जातो. आयोमीला त्याच्यासाठी वेगळी रचना करावी लागली, हे लगेच ऐकू येते. आधीचे आठ अल्बम ऐकले नसते तर मी याला दुसराच बँड समजलो असतो, आणि या बदलाची किंमत मला कळली नसती.

१९८३ चा 'बॉर्न अगेन' गायक इयन गिलनच्या आवाजासाठी ऐकावा, पण त्याचे ध्वनिमिश्रण चिखलासारखे आहे. 'सेव्हन्थ स्टार' मला बँडचा अल्बम वाटलाच नाही.

आता एक तक्रार, आणि ती मनापासून आहे. टोनी मार्टिन या गायकाचे १९८७ ते १९९५ मधले पाच अल्बम लोक वगळतात. पुष्कळ वर्षे ते बाजारात धड मिळतही नव्हते. २०२४ मध्ये त्यांपैकी चार एका संचात पुन्हा निघाले, त्यात 'फॉरबिडन'चे ध्वनिमिश्रण आयोमीने नव्याने केले आहे. ते करूनही तो अल्बम दुबळाच राहिला, हे मान्य करतो. पण १९८९ चा 'हेडलेस क्रॉस' ऐकावाच. कोझी पॉवेलचे ड्रम शिमग्यात पालखीपुढच्या ढोलासारखे छातीवर येतात, मार्टिनचा आवाज भरदार आहे, आणि 'व्हेन डेथ कॉल्स'मध्ये क्वीन बँडच्या ब्रायन मेची गिटार आहे. केवळ मूळचे चौघे नाहीत म्हणून हे सोडून देणे आयोमीवर अन्याय आहे. एकोणीसही अल्बममध्ये असलेला तो एकटाच.

साधनांविषयी थोडे. सुरुवातीला वापरलेले बिनतारी इअरफोन खालचे स्वर इतके फुगवत की बटलरचा बास आणि वॉर्डचा मोठा ड्रम एकमेकांत मिसळून जात. चार आठवड्यांनी मी साधा तारेचा हेडफोन घेतला आणि दोघे वेगळे झाले. आपल्याकडच्या पावसात त्याच्या कानाच्या गाद्यांवर महिन्याभरात बुरशी धरली आणि पिन खाऱ्या हवेने हिरवी पडली. आता तो मी तांदळाच्या रिकाम्या डब्यात सुकवण्याच्या पुड्यांबरोबर ठेवतो. दाभोळ सोडल्यावर नेटवर्क मधूनमधून जाते, तेव्हा अल्बम घरीच उतरवून ठेवावेत.

शेवटचा अल्बम, २०१३ चा '१३', मी मार्चमध्ये ऐकला. ऑझी, आयोमी आणि बटलर परतले होते. बिल वॉर्ड कराराच्या वादामुळे नव्हता, आणि त्याची उणीव प्रत्येक संथ जागी जाणवते, कारण खाली सांभाळणारा माणूसच नव्हता. त्या दिवशी ऊन कडक होते आणि गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. शेवटचे गाणे संपले, आणि पाऊस सुरू झाला, गडगडाट झाला, घंटा वाजली. पहिल्या अल्बमचा तोच पाऊस. दापोलीच्या स्थानकात गाडी थांबली तरी मी उतरलो नाही. वाहकाने हाक मारली तेव्हा उठलो.

मामेभाऊ मे महिन्यात आंबे न्यायला गावी येणार आहे. त्याला ती कॅसेट अजून आठवते, दोन-चार गाणी पाठही आहेत. पावसाआधी तो परत जाईल, म्हणून एका रात्री जेवणानंतर पडवीतले दिवे घालवून त्याला पहिला अल्बम सलग ऐकवायचा, आणि पेटी जवळ ठेवायची, एवढे मी ठरवले आहे.